रेडिओग्राम कोणाकडे जावा याविषयी

मी, मांगीलाल केसरीमल ओस्तवाल, धंदा कापडाचा, राहणार जळगाव, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. माझ्यावर कोणाचे दडपण नाही व माझी बुद्धी शाबूत आहे. कानांबद्दल मात्र मी शपथेवर काही सांगू इच्छित नाही. कारण पुढे येईल.

१. राहते घर व दुकान माझा मुलगा सुरेशचंद यास मिळावे. दुकानातला पितळी गजही त्याचाच. मीटर आल्यापासून त्याचा उपयोग नाही, पण फेकू नये.

२. सौभाग्यवती सून प्रेमकुंवर हिला तिच्या सासूचे सर्व दागिने मिळावेत. त्यावर मुलाचा हक्क नाही.

३. बोदवडचे माझे साडू प्रकाशचंद यांना काहीही देऊ नये. माझा रेडिओग्राम ऐकून त्यांनी 'माठात बेडूक बोलतोय' असे चारचौघांत म्हटले होते. मी क्षमा केली आहे, पण देऊ नये.

४. आता रेडिओग्राम. हा मी मुंबईहून आणला तेव्हा आमच्या गल्लीत तसा दुसरा नव्हता. सागवानी पेटी, आत व्हॉल्व्ह, वर तबकडी फिरवायची सोय. कापडवाल्याला पोत कळतो, तसा आवाजाचाही कळतो असा माझा समज झाला. कोणाचा आवाज मलमल, कोणाचा मांजरपाट, हे मी सांगू लागलो आणि लोक रेडिओ घेण्याआधी मला विचारू लागले. रेकॉर्ड लागली की भर मे महिन्यात मी घरातला पंखा बंद करायचो, का तर त्याची घरघर मध्ये येते. पत्नी लाडकुंवर पदराने वारा घेत बसायची. पाहुण्यांनी कुठल्या खुर्चीवर बसून ऐकायचे हेही मीच ठरवी.

माझे मित्र सुकदेव वना पाटील, राहणार एरंडोल, यांनी पुढे ट्रान्झिस्टरचा नवा रेकॉर्ड-प्लेअर घेतला. माझ्या पेटीचा आवाज घोंगडीतून येतो, त्यांचा धुतलेल्या काचेसारखा, असे त्यांचे मत पडले. मी त्यांच्या यंत्राला पत्र्याचा डबा म्हटले. वाद फार वाढला तेव्हा प्रेमकुंवरने तोड काढली. सुकदेवांनी यंत्र आमच्याकडे आणावे, दोन्ही चादरीआड ठेवू, एकच शहनाईची रेकॉर्ड दोनदा लावू, कोणते कधी वाजले ते ओळखा.

पहिल्यांदा वाजले. मी म्हणालो, हा माझा, मलमल. दुसऱ्यांदा वाजले. मी म्हणालो, हा पत्रा. सुकदेव म्हणाले, बरोबर, पहिला तुझा घोंगडीवाला, दुसरा माझा काचेवाला. आयुष्यात प्रथमच आमचे एकमत झाले. दोन्ही वेळा कान टवकारून आम्ही भरपूर बोललोही होतो.

प्रेमकुंवर चादरीआडून बाहेर आली. "बाबूजी, तुमचा सुरूच झाला नाही. दोन्ही वेळा काकांचाच वाजला. सांगायला येत होते, तर तुम्ही दोघे बोलायचे थांबेनात."

सुकदेव पोट धरून हसले. स्वतःही चुकले होते हे त्यांना आधी कळले, म्हणून त्यांना हसता आले. मला आले नाही. त्यांनी ती गोष्ट एरंडोलच्या बाजारात रंगवून सांगितली, आणि मी त्यांच्याशी बोलणे सोडले. काही वर्षे हा मूर्खपणा निष्ठेने चालवला.

मग लाडकुंवर अंथरुणाला खिळली. तिला भजन ऐकायचे होते. मी रेडिओग्राम दुरुस्त करून तिच्या खोलीत ठेवला, पंखा बंद केला आणि रेकॉर्ड लावली. तिने हाताने थांबवले.

"ह्याने छातीत धडधडतं. मला हा आधीपासूनच सोसत नव्हता," ती म्हणाली. "सुकदेवभाऊंचा आणता येईल का? आणि पंखा लावा."

इतकी वर्षे का बोलली नाहीस, असे मी विचारले. तुम्ही विचारलंच नाही, म्हणाली. गल्लीभर लोक मला विचारायचे, मी घरात कोणाला विचारले नव्हते.

मी एसटीने एरंडोल गाठले. सुकदेव केळीच्या बागेत होते. काय बोलायचे ते मी वाटेत घोकले होते, पण त्यांना पाहून फक्त लाडकुंवर आजारी आहे एवढेच म्हणता आले. त्यांनी पाय धुतले, यंत्र गोधडीत गुंडाळले आणि पुढच्या गाडीने माझ्याबरोबर आले. ती गेली तोवर ते यंत्र तिच्या उशाशी होते. ती डोळे मिटून एका बोटाने चादरीवर ठेका धरी. आवाज मला तेव्हाही पातळच वाटला. पंखाही चालू होता. रेकॉर्ड संपली की मी ती उलटून लावी.

५. सबब रेडिओग्राम सुकदेव यांना मिळावा. सुरेशचंद तो भंगारात घालील. सुकदेव निदान त्याला नावे ठेवण्यासाठी लावतील.

६. वरील कलम ५ रद्द समजावे. साक्षीसाठी सुकदेव आज आले असता मी त्यांना ते वाचून दाखवले. त्यांनी पेटीचे झाकण उघडून पुन्हा लावले. मग म्हणाले, "शेठ, तू मरी गया ते मी भांडसू कोनासंगे? माले नको ती पेटी." तेव्हा पेटी कोणी घ्यायची ते घरच्यांनी ठरवावे. मला आता घाई आहे. सुकदेवांनी नवी रेकॉर्ड आणली आहे आणि ती चुकीच्या यंत्रावर, म्हणजे इथेच राहिलेल्या त्यांच्या डब्यावर, लावायला निघाले आहेत.

वाचून, समजून सही केली.
मांगीलाल केसरीमल ओस्तवाल

आमच्यासमक्ष सही झाली:
१. सुकदेव वना पाटील, एरंडोल
२. कुंदाबाई त्र्यंबक भावसार, शेजारी

जळगाव, दिनांक ९ नोव्हेंबर १९७५