आत्याचा चुकलेला नेम

१२ फेब्रुवारी

ती. आत्यास,
भिंगरीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू मला दोन वाक्यांत गप्प करतेस, म्हणून पत्र लिहिते. आमच्या भुताच्या व्हिडिओ गेमच्या दुसऱ्या भागाचा नमुना परवा लोकांना खेळायला दिला. त्यातली मारामारी बसवणं हे माझं काम, आणि त्यातली नायिका म्हणजे तूच. ओसाड हॉटेलात बहिणीला शोधणारी मध्यमवयीन शिंपीण. गेल्या वर्षी तू तो काळा पोशाख घालून लोखंडी गज फिरवलास, त्या हालचाली आम्ही संगणकात जशाच्या तशा उतरवल्या. पोशाख कमरेत ढगळ म्हणून तू आधी त्याला टाके घालत बसली होतीस.

चाहते खवळलेत. पहिल्या भागात सैनिक होता, धडाधड लोळवायचा. ही बाई डोळे मिटून मारते, गज भिंतीवर आपटते, गादी झटकल्यासारखी लढते, असं म्हणतात. साहेबांचाही धीर सुटला आहे. पुढच्या आठवड्यात शेवटचा प्रसंग टिपायचा आहे. तोही असाच झाला तर सगळी मारामारी एका स्टंट करणाऱ्या मुलीकडून नव्याने करून घेणार. बाईला इतकं छान लढता आलं तर भुताला घाबरायचं कुणी, हे सांगून मी थकले. माझं सगळं काम पाण्यात जाईल गं. तू फक्त आहेस तशी ये, घाबरलेली बाई समोर बघितली की साहेबांनाही पटेल.

लोभ आहेच, त्यात या आठवड्यापुरती थोडी भर घालावी.

तुझी भिंगरी

१७ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून जिवाला लागलं. माझ्यापायी तुझं काम बुडायचं म्हणजे काय? आहेस तशी ये म्हणालीस, पण मी कधी कुणाचं ऐकलंय? कोपऱ्यावरच्या व्यायामशाळेत स्वसंरक्षणाचा वर्ग लावलाय. शिकवणारी मुलगी बॉक्सिंगची पदकं मिळवलेली आहे. मला काकू म्हणते आणि काकूला शोभणार नाही इतकं पळवते. आता माझा घाव अचूक बसतो. काल सराव करताना दिवाणखान्यातला दिवा फुटला, तेव्हापासून तुझे काका स्वयंपाकघरात दार लावून जेवतात.

हसणाऱ्यांना दाखवतेच. गुरुवारी येते. तोंड पाडून बसू नकोस.

माया आहेच, ती मागावी लागत नाही.

तुझी आत्या

२२ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

सगळ्याचा विचका केला म्हणत तू डोळे पुसत निघून गेलीस, आणि आता फोनही उचलत नाहीस. म्हणून पुढचं ऐक.

आल्या आल्या तू गज असा काही फिरवलास की साहेब खूश. मला वाटलं, संपलं. स्टंटवालीची गरजच नाही, घरचीच वैरीण पुरे. तेवढ्यात भूत झालेले आमचे ताडमाड हिशेबनीस खूण व्हायच्या आधीच कपाटामागून बाहेर आले. तुझं शिकलेलं सगळं क्षणात गळालं. एक घाव हवेत, एक टेबलावर, मग गज टाकून तू टेबलाखाली शिरलीस आणि तोंडावर हात दाबून श्वास धरलास.

आत्या, तू गेल्यावर मी वळून बघितलं. साहेब भिंतीला चिकटून उभे होते. मारामारी पहिल्यापासून शेवटपर्यंत हीच राहील, असं म्हणाले आणि पाणी मागितलं. स्टंटवालीला त्यांनी स्वतः नकार कळवला. मी आनंदाने लगेच तुला फोन लावला.

आता रुसवा सोड आणि लोभासकट फोन उचल.

तुझी भिंगरी

९ जुलै

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला गेम आणि सोबतचं पत्र मिळालं. बाजारात त्याचा बोलबाला आहे, आणि गादी झटकते म्हणणारेच आता टेबलाखालून बाहेर यायला घाबरतात, हे वाचून काकांनी पत्र शेजारच्यांनाही वाचून दाखवलं.

काल व्यायामशाळेत मला शिकवणारी मुलगी तो खेळायला आली. आपली शिकवण कुठे दिसते ते बघते म्हणाली. गेममधल्या हॉटेलच्या जिन्यापर्यंत ऐटीत गेली. मग तिने पाय सोफ्यावर घेतले, मग माझा दंड धरला. शेवटी तो बटणांचा कंट्रोलर माझ्या हातात कोंबून म्हणाली की काकू, पुढे तुम्हीच जा, माझ्याने होत नाही.

मी गेले. गज हुकला, धडपडले, कितीदा तरी मेले. पण बहीण सापडली, आणि तिचा हात धरून मी हॉटेलाबाहेर आले. ती पदकवाली सोफ्यावर उभी राहून टाळ्या वाजवत होती. भिंगरी, मला लढता येत नाही, आणि तरी मी तिला बाहेर आणलं.

लोभ वाढता ठेव, आणि पुढच्या भागालाही मलाच बोलाव.

तुझी आत्या