एकाहत्तरावा फर्मा

मंगळवार, ११ नोव्हेंबर
दुपारी, दुकानातून

प्रिय दादा,

सप्रेम सलाम. तू बरा आहेस असं मी धरून चालते, कारण विचारलं तरी तू कधी धड सांगत नाहीस. वहिनींना सलाम, भाच्यांना आशीर्वाद. माझे गुडघे कुरकुर करतात, बाकी ठीक. दुकान चालू आहे, म्हणजे सकाळी कुलूप उघडतं आणि संध्याकाळी लागतं. पुस्तक बांधून घ्यायला हल्ली फारसं कुणी येत नाही. वकिलांच्या फायली आणि शाळांची हजेरीपुस्तकं तेवढी येतात. आत्ता शेगडीवर खळ शिजते आहे, ती ढवळत ढवळत लिहिते आहे, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस. तू ठेवशीलच म्हणा.

आईचं सांगायचं तर डॉक्टर म्हणतात, वयाच्या मानाने प्रकृती ठणठणीत आहे. डोकं मात्र साथ देत नाही. परवा वेणी घालताना तिने मला विचारलं, "बाई, तुम्हाला मुलगी आहे का?" मी म्हटलं, "आहे एक, फार राबते बिचारी." तर म्हणाली, "माझीपण राबते, पण मेली तोंडाळ आहे." मी हसले. न हसून करतेय काय!

तिच्या गोष्टीही तिला सोडून चालल्या आहेत, दादा. आपल्या दोघांच्या आधीचं तिचं बाळ गेलं, तेव्हा ती अकरा दिवस दवाखान्यात होती आणि तिथल्या नर्सबाई रोज संध्याकाळी पलंगाशी बसून तिला प्रभूची एकेक गोष्ट सांगायच्या. त्या अकरा गोष्टी घेऊन ती घरी आली. नंतर बाबांशी, पाळकसाहेबांशी बोलून आणखी जमवल्या असतील, पण मूळ भांडवल ते. अक्षर तिला कधी आलं नाही. तू पाटी घेऊन तिला शिकवायला बसायचास आणि ती तुझ्यासमोरच पेंगायची. गेल्या महिन्यात ती वादळाची गोष्ट सांगत होती. नाव निघाली, वारा सुटला, पाणी आत यायला लागलं, आणि पुढचं तिला आठवेना. दोनदा पहिल्यापासून सुरुवात केली, दोन्ही वेळा तिथेच थांबली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "बुडाले की काय गं सगळे?"

हे तुला अशासाठी सांगते आहे की मागच्या वर्षी फोनवर तू मला एक बोलला होतास. मी म्हटलं होतं, तिकडच्या एखाद्या चर्चच्या मंडळीत जात जा, निदान रविवारी चार माणसं भेटतील. तू म्हणालास, "ज्या पुस्तकातली पानं कुणालाही गायब करता येतात, त्याच्यावर उभा राहिलेला विश्वास किती दिवस टिकणार? पुस्तक गेलं की मागे उरतात त्या ऐकीव गप्पा." मी वहिनींची चौकशी करून फोन ठेवला. तुला वाटलं असेल, बाईला उत्तर सुचलं नाही. उत्तर होतं. गेली नऊ वर्षं ते माझ्या कपाटात, बाबांच्या जुन्या कोटाखाली, कागदात गुंडाळून ठेवलेलं आहे.

खळ उतरवून आले. करपली थोडी.

आता सांगते. मध्ये कुठे थांबले तर पुन्हा जमायचं नाही.

मंडळीचं ते मोठं पवित्र शास्त्र, व्यासपीठावरचं, नव्याने बांधायला माझ्याकडे आलं होतं ते तुला आठवत असेल. बाबा जाऊन वर्ष झालं होतं आणि एवढं मोठं काम मी पहिल्यांदाच एकटीने अंगावर घेतलं होतं. जुनी शिवण उसवली, सोळा सोळा पानांचे फर्मे सुटे केले, ज्यांच्या कडा फाटल्या होत्या त्यांना पातळ कागद लावून शिकंजात, दोन फळ्यांमध्ये दाबून, वाळायला ठेवले. एकाहत्तरावा फर्मा त्यात होता. पान अकराशे एकवीस ते अकराशे छत्तीस. योहानाच्या शुभवर्तमानाचा मधला भाग.

बाबांचा नियम होता, शिवायला बसण्याआधी फर्मे दोनदा मोजायचे, एकदा वरून खाली आणि एकदा खालून वर, आणि मोजताना कुणाशी बोलायचं नाही. मी एकदाच मोजले. त्या वेळी शेजारची शिंपीणबाई दारात उभी राहून तिच्या सुनेच्या तक्रारी सांगत होती आणि मी हो हो करत होते. पुस्तक शिवलं, पुठ्ठा चढवला, नाव सोनेरी अक्षरात ठोकलं. सगळ्यांनी वाखाणलं. तूसुद्धा म्हणालास, बाबांचा हात आलाय तुझ्यात. तीन आठवड्यांनी शिकंजाची खालची फळी पुसायला काढली, तर तिला चिकटून तो फर्मा.

शास्त्र तुझ्याच ताब्यात असायचं, तेव्हाच उठून तुझ्याकडे आले असते तर फार तर दोन शिव्या खाल्ल्या असत्या. पण म्हटलं, बांधणी सैल झाल्याचं निमित्त काढून पुस्तक परत मागवू आणि गुपचूप घालून टाकू. आज मागवू, उद्या मागवू करत आठ महिने गेले. कुणाच्या लक्षातही आलं नाही, कारण म्हातारे पाळकसाहेब पुस्तक उघडायचे आणि डोळे मिटून तोंडपाठ सांगायचे. त्यावरून तुमचं वाजायचंही. तू म्हणायचास, मंडळीत लिहिलेलं वाचलं पाहिजे, पाठ म्हणताना माणूस पदरचं घालतो. ते म्हणायचे, अरे, प्रभूने कुठे काय लिहून दिलं होतं? त्याचं बोलणं कितीतरी वर्षं लोकांच्या तोंडीच होतं. तुम्ही दोघं असे भांडायचात आणि मी घरी येऊन कोटाखालचा फर्मा आणखी आत सारायची.

मग ती शिंपीणबाईच गेली. पाळकसाहेब आजारी होते म्हणून अंत्यविधीचं वाचन तुझ्याकडे आलं. लाजराच्या कबरेची गोष्ट, मार्था-मरीयेच्या मेलेल्या भावाला प्रभूने हाक मारून बाहेर बोलावलं ती. तू पानं उलटलीस, अकराशे वीस, आणि त्याच्यापुढे अकराशे सदतीस. पुन्हा मागे गेलास, पुन्हा पुढे. मी तिसऱ्या बाकावर होते, दादा. तुझे कान लाल झालेले मला दिसत होते. तुला तो अध्याय तोंडपाठ होता हेही मला माहीत होतं. पण पाठ म्हणणार नाही हा तुझा हट्ट, तू तसाच उभा राहिलास.

तेव्हा मागून आई उठली आणि तिने सांगायला सुरुवात केली. तिच्या पद्धतीने. म्हणजे प्रभू येतोय कळल्यावर मार्था धावत गेली आणि चुलीवरची भाकरी करपली, रडून रडून मरीयेचे डोळे सुजले, ते सगळं. शिंप्याचा हुंदका फुटला. सून रडायला लागली. आणि तू वरून म्हणालास, "आई, बस. लिहिलेलं नाही ते देवाच्या घरात सांगू नकोस." ती वाक्य अर्धं टाकून खाली बसली.

तुझा तो आवाज मी अजून विसरलेले नाही. त्याचा मला इतका राग आला होता की पुढे मी जे केलं त्यात भीती किती आणि राग किती हे आजही मला सांगता येत नाही.

मंडळीच्या पंचांना वाटलं, पानं तूच काढलीस. शास्त्राच्या कपाटाची किल्ली तुझ्याकडे आणि पाळकसाहेबांना पुस्तकावरून अडचणीत आणायची हौसही तुझीच, असं त्यांचं गणित. तू त्यांना सांगितलंस, बांधणी तपासा, फाडल्याची खूण कुठे आहे का ते बघा. म्हणून ते पुस्तक घेऊन माझ्याकडे आले. तिघे होते. बसले, पाणी प्यायले आणि विचारलं, "बाई, तुम्ही यातल्या जाणकार. बांधून झालेल्या पुस्तकातून अख्खा फर्मा असा मागमूस न ठेवता काढता येतो का?"

मी म्हटलं, "येतो. धागा नीट कापला तर येतो."

एवढंच बोलले. खोटं नव्हतं ते. काढता येतोच. पुस्तक परत त्यांच्या हातात दिलं, दारापर्यंत सोडायला गेले आणि पायरी उंच आहे, जपून उतरा असंही म्हटलं.

पुढचं तुला माहीत आहे. तो ठपका घेऊन महिन्याभरात तू गाव सोडलंस. तुझी माणसं गेली, तुझी मंडळी गेली, नंतर तुझा विश्वासही गेला. आणि तो गेला त्याचं कारण तू देवाला धरतोस किंवा त्या पुस्तकाला धरतोस, तेव्हा मला ओरडून सांगावंसं वाटतं की अरे, दोघांचा काही दोष नाही, तुझ्या बहिणीने मोजताना गप्पा मारल्या आणि नंतर तोंड शिवून घेतलं.

गेल्या बुधवारी मी आईला सांगितलं. त्या दिवशी ती भानावर होती, मला नावाने हाक मारत होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मला ठाऊक आहे. त्या दिवसांत तू पंधरा दिवस जेवत नव्हतीस आणि बाबांच्या कोटाला कुणाला हात लावू देत नव्हतीस." मी विचारलं, मग बोलली का नाहीस? तुझा मुलगा गेला गं. म्हणाली, "तूपण माझीच आहेस. म्हटलं, तुझं तू सांगशील. वाट बघत होते." नऊ वर्षं, दादा. दोन्हीकडून तिनेच सोसलं. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले, तर थोड्या वेळाने केसांवरून हात फिरवत विचारते, "बाई, तुमचं कुणी गेलं का?"

रविवारी मंडळीत जाऊन सांगून आले, सगळ्यांसमोर उभी राहून. मला वाटलं होतं, आभाळ कोसळेल. त्या तीन पंचांपैकी दोघे वारले, तिसऱ्यांना ऐकू येत नाही. नवे पाळक तरुण आहेत, मोबाईलवर बघून वाचतात, त्यांना या पुस्तकाचं काही माहीतच नव्हतं. मला म्हणाले, "फार मोठं ओझं वाहिलंत, बसा, चहा घ्या." लोकांनी मान हलवली आणि पुढचं गीत सुरू झालं. ज्याच्यापायी तुझं आयुष्य इकडचं तिकडे झालं ते तिथे कुणाच्या लक्षातही नाही. तरी तुझं नाव घेऊन, तू निर्दोष आहेस असं मी बोलले आणि पाळकांनी ते मंडळीच्या नोंदीत लिहून घेतलं. लिहून घ्या असा आग्रह मीच धरला. तू तिथे असतास तर हसला असतास.

तुझ्याशी वाद घालायला माझ्या अंगात त्राण नाही आणि तेवढी अक्कलही नाही. एकेकाळी मला वाटायचं, आईचं बरोबर आहे, पुस्तकावाचून काही अडत नाही. तिचं अडलं नव्हतं. बाळ गेलेली बाई दवाखान्यातून चालत घरी आली ती काही वाचून नाही, कुणीतरी जवळ बसून सांगितलं म्हणून. पण आता तिच्यातून एकेक गोष्ट जाताना बघते आणि ती मला परत घालता येत नाही. मी वाचून दाखवते तेव्हा ती परक्याचं ऐकावं तसं ऐकते, नंतर म्हणते, छान आहे, कुणाचं आहे हे? तेव्हा मला वाटतं, पहिल्यांदा ज्यांनी लिहून काढलं असेल त्यांच्याही घरी अशीच एखादी म्हातारी असणार. ती विसरायला लागली, घरातले घाबरले आणि कुणीतरी लिहायला बसलं. म्हणजे पुस्तक हवंच. पण ते लिहिणाऱ्यांच्या आधी ती म्हातारी होती हेही तितकंच खरं. यापलीकडे मला काही कळत नाही.

फर्मा मी या पत्रासोबत पाठवत नाही. त्याच्यासाठी तू यावंस असंही नाही. काल दुपारी काय झालं ते सांगते आणि संपवते.

आई खिडकीत बसली होती आणि आपणहून लाजराची गोष्ट सांगायला लागली. मी हातातलं काम सोडलं नाही, म्हटलं, बघू कुठपर्यंत जाते. मार्था धावली, भाकरी करपली, मरीया रडली, दगड बाजूला केला, सगळं एका दमात सांगितलं. मग प्रभू मोठ्याने हाक मारतो तिथे आली आणि अडली. मेलेल्याचं नाव तिला आठवेना. ओठ हलवत राहिली. मी सांगणार एवढ्यात तिला आठवलं. चाळिशीनंतर ज्या नावाने हाक मारली की तू चिडायचास, चारचौघांत म्हणू नकोस म्हणून तिला दटावायचास, ते तुझं लहानपणचं नाव. खिडकीकडे तोंड करून, रस्त्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली, "ढब्बू, बाहेर ये!"

आणि मग दाराकडे बघत बसली. संध्याकाळपर्यंत.

मला नंतर माफ कर, नाहीतर करू नकोस. आधी ये.

तुझी
धाकटी