मोबाईलातला माझा आवाज

२९ ऑगस्ट, शुक्रवार

सतर्क राहावे म्हणे! सतर्क म्हंजी करावं काय? भांडी उचलावी का माणसं? पंचायतीच्या ग्रुपवर पहाटं कागदाचा फोटू टाकला — 'सखल भागातील नागरिकांनी सतर्क राहावे, विसर्ग वाढण्याची शक्यता.' मी चौथीपतोर शिकलेली. बोट लावून वाचूस्तोवर नाल्याचं पाणी उंबऱ्यात! शेजारच्या धुरपतबाईला मोबाईल न्हाई, पोरबाळ न्हाई, गुडघे धरलेले. आमच्या ह्यांनी तिला पाठकुळी घेऊन शाळेत नेलं. तिच्या कोंबड्या गेल्या सगळ्या.

आन् ग्रामसेवक म्हणतो, 'मावशी, मेसेज टाकला होता की.'

३० ऑगस्ट

पंचायतीत जाऊन भांडून आले. दयानंद ग्रामसेवक — तीन गावं एकट्याच्या गळ्यात. पँट मांडीपतोर भिजलेली, डोळे लाल. म्हणलं, 'तुमची ती भाषा तहसीलला वाचून दाखवा. आमाला सांगा — ऊठ, शाळेत चल!' त्यो चिडला. मोबाईलच माझ्या तोंडापुढं धरला. 'घ्या, तुमीच सांगा. पाणी चढलं की हेच टाकतो.'

मी काय लाजते का! म्हणलं — 'अय नाल्याकडच्या गल्लीवाल्यांनो! पाणी येऊन राहिलं, उठा! भांडीकुंडी मरू द्या, म्हातारी माणसं उचला आन् शाळेत चला. धुरपत आत्या, तुला येगळं सांगू का?'

दयानंद हसला. लई दिवसानं हसला असंल बिचारा.

५ सप्टेंबर

जमलं! काल पाणी चढायच्या आधीच त्यानं माझा आवाज सोडला. पलीकडच्या लुंबिनीनं मोबाईल धुरपतबाईच्या कानाला लावला. सगळी गल्ली कोरड्या पायानं शाळेत. धुरपतबाई म्हणली, 'पंचशीले, तुझ्या बोंबलण्यानं मेलेलं माणूस बी उठंल.' हे म्हणले, 'मी लगीन झाल्यापासून उठून राहिलो.'

तहसीलच्या पेजवर पण टाकला म्हणं. उमरीच्या बाजारात भाजीवालीनं आवाजावरून ओळखलं मला! बरं वाटलं. खोटं कशाला लिहू.

१० सप्टेंबर

डोकं फुटायची येळ आली. कडक ऊन, नाला खाली उतरलेला — आन् माझा आवाज परत मोबाईलात! कुणी पाठवला, कुठून फिरला, कुणालाच ठाऊक न्हाई. मुदखेडहून बहिणीचा फोन — 'अगं, तुझं ऐकून आमच्या गल्लीतले बी पळून राहिले.' मी रानात. घरी येऊन बघते तर शेजारचं दार उघडं, धुरपतबाई न्हाई. शाळा सुटून कुलूप लागलेलं आन् ही पायरीवर उन्हात बसलेली, पोटाशी गठुडं. पोरं हसून राहिली. मला बघून उठली, हात झटकला माझा. 'आता तू किती बी बोंबल. मी उठणार न्हाई.'

त्या आवाजात वार न्हाई, तारीख न्हाई. गल्लीतून हाक मारताना तारीख कोण सांगतं? मलाबी सुचलं न्हाई, दयानंदलाबी न्हाई.

११ सप्टेंबर

दयानंदला म्हणलं, काढून टाक. 'आपल्या ग्रुपातून काढला मावशी, पेजवरनं बी काढाया लावला. लोकांच्या मोबाईलातून कसा काढू?' तोंड एवढंसं झालं त्याचं. रागवावं तरी कुणावर!

१३ सप्टेंबर, शनिवार

परवा सोमवारी लई मोठा पाऊस म्हणून वरून कळवलंय. दयानंद घरीच आला — 'मावशी, ह्या टायमाला तारीख घालून बोला.' धुरपतबाई ओट्यावर बसून ऐकत होती. आत गेली आन् आतून कडी घातली. मी हाका मारल्या, ह्यांनी मारल्या. उघडली न्हाई.

दयानंदला म्हणलं, हा आवाज गावाला जाऊ दे, तहसीललाबी जाऊ दे. मोबाईल तोंडाशी धरला — 'आज शनिवार, तेरा सप्टेंबर. पंचशीला बोलून राहिले. माझ्या आवाजावर आता आमची शेजारीण उठत न्हाई, आन् तिचं चुकत न्हाई. पाणी चढायच्या आधी तिचं दार वाजवाया, समजूत घालून तिला उचलाया पंचायतीचं कोण येणार — त्या माणसाचं नाव सांगा. उद्या, रविवारी, दिवस मावळायच्या आत.'