कर्डॉक दूध प्याला होता

सोमवार, १९ ऑगस्ट २०१९
सकाळी ऑर्मरॉडचा फोन. हा आमच्या 'नऊ चंद्रांपलीकडे' प्रेमी मंडळाचा सेक्रेटरी. त्या टीव्ही मालिकेला पन्नास वर्षं झाली म्हणून चौदा सप्टेंबरला लेस्टरजवळच्या एका हॉटेलात संमेलन आहे, आणि त्यात माझी टेप सगळ्यांसमोर वाजवायची! फोन ठेवून स्वयंपाकघरात एक गिरकी घेतली. लॉरेनने विचारलं, पायात गोळा आला का. लग्नाला एकतीस वर्षं झाली तरी बायकोला नवऱ्याचा आनंद ओळखता येत नाही.

पुढेमागे कोणी माझं चरित्र लिहिलंच, तर त्याच्या सोयीसाठी: 'विवरातला आवाज' हा १९७० सालचा भाग आज जगात कुणाकडेही नाही. तेव्हा वाहिनीवाले जुन्या टेपा पुसून वर दुसरं काहीतरी घ्यायचे. पण त्या शनिवारी संध्याकाळी मी, वय वर्षं आठ, टीव्हीसमोरच्या खुर्चीच्या पाठीला माइक टांगून अख्खा भाग रिळाच्या टेपरेकॉर्डरवर घेतला. तशी पोरं तेव्हा गल्लोगल्ली होती. घरच्यांनी पंचवीस मिनिटं खोकायचं नाही, हा नियम. इतरांच्या टेपांत कुणाचा बाप शिंकतो, कुणाचा कुत्रा भुंकतो. माझी टेप निर्मळ आहे.

अजून एकदाही ऐकलेली नाही. वाजवली की टेप झिजते.

मंगळवार, २० ऑगस्ट
टेप वाजवायचं कारण ग्लेनिस प्यू. वेल्समधल्या मर्थरची बाई, शाळेतल्या पोरांना आयुष्यभर जेवण रांधून रिटायर झाली. छत्तीस वर्षं माझ्याशी भांडतेय.

भाग कसा संपतो ते १९८३च्या मंडळाच्या हँडबुकात मीच लिहिलंय, आणि तेव्हापासून जो तो तेच छापतो. कर्डॉक हा विवरातून वर येणारा चिखलाचा प्राणी. यानातले सगळे पळतात. कॅप्टन हॅलम मात्र त्याला कोमट दूध देतो, अंगावर पांघरूण घालतो, दिवा चालू ठेवतो आणि हलकेच दार लोटून घेतो. इतका धीट शेवट टीव्हीवर पुन्हा झाला नाही.

ग्लेनिस म्हणते, मी तो भाग डोळ्यांनी पाहिलाय, असलं काही नव्हतंच. चिखलाला दूध पाजतं का कोणी? तिची पत्रं मी पहिल्या ओळीपुढे वाचत नाही. संमेलनात ती खरा शेवट सांगायला उभी राहिली की मी चहा घ्यायला जातो. केवळ तमाशा नको म्हणून. चहाने मला ॲसिडिटी होते, तरी जातो.

आता ऑर्मरॉडचा निर्णय असा: टेप ज्याच्या बाजूने बोलेल त्याचा शेवट नव्या सुवर्णमहोत्सवी हँडबुकात, आणि त्यालाच 'आजीव कॅप्टन' हा किताब. हरेल त्याने स्टेजवर माफी मागायची. बिचारी ग्लेनिस.

संकल्प: कॅप्टनचा गणवेश अंगात बसेपर्यंत पोर्क पाय, म्हणजे ती डुकराच्या मांसाची जाड कचोरी, बंद. भाषण पाच मिनिटं, नम्र. हरलेल्या बाईशी मोठ्या मनाने वागायचं.

गुरुवार, २२ ऑगस्ट
कॅप्टनचा गणवेश काढला. १९९१ साली शिवलेला. कपाटात राहून कापड आटतं, हे कुणी सांगत नाही. लॉरेन म्हणाली, कापड कशाला आटेल रे, तूच फुगलायस. पण पाठीला पट्टी जोडून दिली, न्हाणीघराच्या जुन्या पडद्याची. त्यावर बदकं आहेत. स्टेजवर पाठ करायची नाही, म्हणजे झालं.

सोमवार, २६ ऑगस्ट
पोर्क पाय, दोन. बँक हॉलिडे होता. सुट्टीतलं खाणं धरत नाहीत.

शनिवार, ३१ ऑगस्ट
भाषण अठरा मिनिटांचं झालंय. नम्रतेचा भाग कापला, त्यानेच लांबत होतं.

मंगळवार, ३ सप्टेंबर
दुपारी सराव म्हणून एक जुना भाग लावला. त्यात गुहेतून हात येतो, तिथे मी मागचं दार लागलंय का बघायला गेलो. परत आलो तर हात अजून होताच, म्हणून पुढचंही दार बघून आलो. लॉरेन म्हणाली, भरदुपारी आपल्या घरात शिरणार आहे कोण? बायकांना सुरक्षिततेचं काही नसतं.

मग म्हणाली, हॉवर्ड, ती टेप एकदा घरी ऐकून तरी बघ. तिला झिजण्याचं शास्त्र पुन्हा समजावलं. ती कपडे वाळत घालायला निघून गेली. बहुधा पटलं असावं.

मंगळवार, १० सप्टेंबर
खुद्द ग्लेनिसचा फोन! आवाज गोड. म्हणाली, बाळा, टेप आधी ऐकलीयस ना? नसशील तर ऐक हो, चारचौघांत उगाच शोभा नको. मी तिच्याहून फक्त सहा वर्षांनी लहान आहे, पण वेल्सकडच्या बायकांना अख्खं जग बाळ. मी विचारलं, घाबरलात वाटतं, मिसेस प्यू? ती म्हणाली, कोण घाबरलं होतं ते शनिवारी कळेलच.

तोंडचं पाणी पळालंय तिच्या. एक पोर्क पाय खाऊन साजरं केलं.

शनिवार, १४ सप्टेंबर, सकाळी ६
आज! दाढी करताना स्वतःला सॅल्यूट केला. हनुवटीवर कापलं.

त्याच दिवशी, संध्याकाळी ७
नंतर लिहीन.

रविवार, १५ सप्टेंबर
लिहायला हवंच.

हॉल खच्चून भरलेला. दोनशे माणूस. (ऑर्मरॉडच्या वहीत एकशे बारा.) सगळे चंदेरी सूटमध्ये, पहिल्या रांगेत एक अख्खं कुटुंब चिखल फासून कर्डॉक होऊन आलेलं. माझं भाषण एकतीस मिनिटं चाललं. विसाव्या मिनिटापासून ऑर्मरॉड मला घड्याळ दाखवत होता. छान घड्याळ आहे, मी मान डोलावली.

मग टेप सुरू झाली. मालिकेची धून आली आणि लोक उभे राहिले. अंगावर सरसरून काटा आला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच ही धून, त्या भागाची, आणि माझ्यामुळे! मी पाठ वळवून पडद्याला सॅल्यूट ठोकला. बदकं विसरलोच होतो.

धून संपता संपता एका पोराचा आवाज. हा कॅप्टन, हा माझा. हा डॉक्टर, हा मूर्ख. आता बघ आई, आता बघ. कॅप्टन बोलला की पोरगं बोले, कॅप्टन गप्प झाला तरी बोले. मला वाटलं, ऑर्मरॉडने भलत्याचीच टेप लावली. आठव्या मिनिटाला विवरातून तो फुस्स आवाज आला. पोरगं म्हणालं, मी नाही घाबरलो. पुन्हा फुस्स. मी नाही घाबरलो. तिसऱ्यांदा फुस्स, धाडकन खुर्ची पडली, आणि भोकाड. बंद कर! आई, बंद कर ना!

खट्. टीव्ही बंद. रेकॉर्डर चालूच.

हॉलमध्ये हशा असा की छताचे दिवे हलले. ऑर्मरॉड मशीन थांबवायला उठला. तेवढ्यात आई बोलली.

आईला जाऊन बावीस वर्षं झाली. बोलण्याआधी ती बारीकसं खाकरायची, ते मी पार विसरलो होतो. ती म्हणाली, सोफ्यामागून ये बाहेर, राजा. गेला तो. पुढे काय होतं ते ठाऊक आहे मला, पेपरात आलंय सगळं. पोराने मुसमुसत विचारलं, काय होतं? मग ती थांबली. कधी पेपरात तोंड न घालणारी माझी आई तिथे उभी राहून विचार करत होती, ते अख्ख्या हॉलला ऐकू आलं. मग म्हणाली, अरे, तो भुकेलेला असतो. कॅप्टन त्याला कोमट दूध देतो. मग? मग पांघरूण घालतो. आणि दिवा? दिवा चालूच ठेवतो बाबा. आणि दार? दार नुसतं लोटतो. कडी लावत नाही.

पुन्हा खट्. रेकॉर्डरही बंद.

कुणी हसलं नाही. चिखल फासलेला बाप नाक पुसत होता, त्याने चिखल आणखी पसरला. मी रडलो. लॉरेनला डोळ्यात काहीतरी गेलं असं सांगितलंय, पण इथे लिहितो, मी रडलो. भाग माझ्याकडे कधी नव्हताच. मी आठ मिनिटं पाहिला होता आणि बाकी सगळं आईने रचलं होतं, आणि ते मी अर्ध्या जगाकडून पाठ करून घेतलं.

मग टाळ्या. मग पुन्हा लावा, पुन्हा लावा! चार वेळा लावली. चौथ्या वेळी लोक पोराबरोबर एका सुरात ओरडत होते, मी नाही घाबरलो! मीही ओरडलो. नंतर स्टेजवर माफी मागायला वाकलो, तर पट्टी बदकांसकट टरकन फाटली. त्यालाही टाळ्या. ग्लेनिसने हाताला धरून मला सरळ केलं आणि म्हणाली, बाळा, तुझ्या आईने सांगितलं ते माझ्यापेक्षा झकास आहे, पण किताब मी घेणार हं.

हँडबुकात ग्लेनिसचा शेवट येईल. खाली बारीक अक्षरांत 'क्रॅबट्रीबाईंची आवृत्ती', म्हणजे माझ्या आईची. पुढच्या वेळी ती ठळक अक्षरांत आली पाहिजे, असं ऑर्मरॉडला बजावलं. तसा सगळा कार्यक्रम मी आखल्यासारखाच पार पडला.

मंगळवार, १७ सप्टेंबर, दुपारी ३
नवा संकल्प. सत्तावन्न वर्षांच्या माणसाला, त्यातून जाणकाराला, आपल्याच आवडत्या भागाचा खरा शेवट माहीत असायलाच हवा. मन घट्ट करून ग्लेनिसला फोन लावला. सांगा म्हटलं, काही गाळू नका. तिने सुरू केलं. छान सांगते. डॉक्टर खोलीत एकटा आहे. दिवे मंदावतात. बाहेर ओल्या पावलांचा आवाज, आणि दाराची मूठ हळूहळू...

मी म्हटलं, थांबा, कोणीतरी बेल वाजवतंय. ती म्हणाली, बाळा, कोणी बेल वाजवत नाहीये. मी फोन ठेवला.

पाच मिनिटांनी पुन्हा लावला. ठरलं: उद्या सकाळी अकराला, लॉरेन घरात असताना, ऊन पडलं असेल तर. ग्लेनिस बरं म्हणाली, हसली नाही.

हवामानाचा अंदाज पाहिला. आठवडाभर ढगाळ आहे. बरं झालं.