गंधक सेडीच्या नावे चाळीस एकर

मी, ऑर्विल डीन विटकॉम्ब, वय वर्षे सत्याहत्तर, धंदा पूर्वी कवळ्या बनवण्याचा, हल्ली काही नाही, राहणार सॅन टोमास वेल्स, ॲरिझोना, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर, कोणाच्या धाकाने किंवा भरीला पडून नव्हे, तर राजीखुशीने लिहून ठेवतो. माझी बुद्धी शाबूत आहे. पुरावा म्हणून सांगतो की मी परवाच अठराशे ऐंशी सालचे कपडे चढवून एका प्लायवुडच्या बँकेवर दरोडा घातला आणि एकही नेम चुकला नाही. वकीलबाई म्हणतात की हा पुरावा उलटा जाईल. पण खाडाखोड करू नका असंही त्यांनीच बजावलं आहे, म्हणून वाक्य राहू देतो.

माझ्या हृदयातली एक झडप नोव्हेंबरात बदलायची आहे. सर्जन पोरसवदा आहे. ‘अजिबात काळजी करू नका,’ असं तो तीनदा म्हणाला, तेव्हापासून मला काळजी वाटते आहे.

याआधीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती सगळी वकीलबाई अर्विझू यांनी परत केली, कारण त्यांच्या मते मी ज्यांना वाटे दिले होते ती माणसं कायद्याच्या दृष्टीने जन्मालाच आलेली नाहीत.

‘विटकॉम्बसाहेब, हा हवालदार डुलकी कोण?’

‘माझा मित्र.’

‘खरं नाव?’

‘ठाऊक नाही.’

‘ओळख कधीपासूनची?’

‘वीस-बावीस वर्षं झाली असतील.’

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि कागद माझ्याकडे परत सरकवला.

कलम पहिले. उद्या हा कागद एखाद्या न्यायाधीशापुढे गेला तर त्याला कळावं म्हणून आमचा खेळ थोडक्यात सांगतो. जुन्या काळच्या गुराख्यांसारखा वेश करायचा, त्याच काळच्या घडणीच्या बंदुका घ्यायच्या, खोट्या बँकेत नाहीतर खोट्या तुरुंगात उभं राहून ठरलेलं वाक्य मोठ्याने म्हणायचं, आणि शिट्टी वाजली की लोखंडी ताटल्यांवर गोळ्या झाडायच्या. घड्याळ लावलेलं असतं. चुकलेल्या नेमाला पाच सेकंद दंड. चूक झाली की नाही ते तिघे मोजणारे ठरवतात आणि शंका आली तर फायदा नेमबाजाचा. टोपणनाव प्रत्येकाला घ्यावंच लागतं. मी दातांच्या दवाखान्यांना कवळ्या करून देत असे. नवख्याने ‘हे डॉक्टर आहेत का?’ असं विचारलं की बाकीचे ‘बहुतेक’ म्हणत. त्यावरून मी डॉक बहुतेक झालो. कोणाचं खरं नाव विचारणं आमच्यात पगार विचारण्याहून वाईट. आपण होऊन सांगितलं तर ऐकायचं. कोणी सांगत नाही.

कलम दुसरे. माझं राहतं घर, त्यातली आरामखुर्ची आणि बँकेतली शिल्लक माझा पुतण्या ब्रेंट याला द्यावी. ब्रेंट वाईट मुलगा नाही. पण एकदा मी सामन्यावरून थेट त्याच्या साखरपुड्याच्या जेवणाला गेलो, कमरेला रिव्हॉल्वरची रिकामी म्यानं, छातीवर चांदीची साखळी, बुटांच्या टाचांना घोडेस्वाराचे काटे. तेव्हा त्याने होणाऱ्या सासऱ्याला ‘हे बहुधा गाणारे असावेत’ असं सांगितलं आणि मला दारातल्या वाद्यवृंदाकडे पाठवलं. मी पोटभर जेवलो आणि दोन गाणीही म्हटली. ते दुःख मी विसरलेलो नाही, हे त्याला कळवावं. गावाबाहेरची चाळीस एकर जमीन मात्र त्याला मिळू नये. तिथे त्याला होड्या ठेवायची भाड्याची गोदामं बांधायची आहेत. इथून जवळात जवळच्या पाण्याला जायला अर्धा दिवस लागतो. ‘काका, म्हणून तर लोकांना होड्या ठेवायला जागा लागते,’ असं तो म्हणतो.

कलम तिसरे. माझी दोन्ही रिव्हॉल्वर हवालदार डुलकी यांना. याची कवळी मीच केली. त्याच्या टाळूचा खळगा न् खळगा मला पाठ आहे. कवळीत मालकाचं नाव घालायची पद्धत असते, मी ‘ह. डुलकी’ असं कोरलं. हा माणूस उभ्याने झोपतो. एकदा वार्षिक सामन्यात माझा एकही नेम चुकलेला नव्हता, शेवटची ताटली राहिली होती. मी झाडली. डुलकी मोजणाऱ्यांत होता. मान छातीवर, हॅट नाकावर. तशातही त्याने बोट वर करून ‘चूक’ म्हटलं. ‘लेका, तू झोपला होतास!’ मी ओरडलो. ‘झोपलो होतो म्हणून तर कळलं,’ तो म्हणाला, ‘ठण्ण वाजलं असतं तर जाग नसती आली?’ तिघांतल्या दोघांनी चूक दिली. दुसरी बोट वर करणारी होती गंधक सेडी, टक्क उघड्या डोळ्यांनी. म्हणून डुलकीला मी रिव्हॉल्वरांबरोबर गजराचं एक घड्याळही देतो. सेडीचं पुढे येईल.

कलम चौथे. बंदुका वाहायची माझी गाडी क्लबाला. ती मी भंगारातल्या दातांच्या खुर्चीची बनवली आहे. चूळ थुंकायच्या भांड्यात गोळ्यांच्या रिकाम्या पुंगळ्या टाकतात. नव्या सभासदाने त्यातून पाणी पिऊ नये. एक जण प्यायला होता.

कलम पाचवे. माझ्या अंत्यविधीला पाद्र्याला घड्याळ लावावं. चुकलेल्या प्रत्येक वाक्याला पाच सेकंद. मी चांगला माणूस होतो असं तो म्हणाला तर तिघा मोजणाऱ्यांनी मत द्यावं आणि शंका आल्यास फायदा मला द्यावा. जेवणात डुलकीने आणलेल्या बीन्स नसाव्यात.

कलम सहावे. आता मुख्य गोष्ट. गावाबाहेरची चाळीस एकर जमीन, तिच्यावर आमचं ‘शेवटचा घोट’ हे नकली गाव, म्हणजे बँक, तुरुंग, दारूचा गुत्ता, तिरडीवाल्याचं दुकान, सगळ्या नुसत्या दर्शनी भिंती, मागे टेकू, हे सर्व मी श्रीमती

इथे जागा मोकळी सोडली आहे. ही जमीन गंधक सेडीला मिळायला हवी. ती बंदुकीची जुनी काळी दारू वापरते, तिच्या गंधकी धुरात पुढच्या नेमबाजाला तुरुंगसुद्धा दिसत नाही, म्हणून ते नाव. दर सामन्याच्या आदल्या दिवशी टेकू तीच ठोकते. कोणाची बंदूक अडली की स्वतःची पुढे करते, मग भले तोच माणूस तिला हरवत असो. आणि माझी चूक तिने चूक म्हटली. चाळीस एकर सांभाळायला असाच माणूस लागतो. पण वकीलबाईंनी स्पष्ट सांगितलं आहे: कायद्याचं नाव नसेल तर हे कलम कोर्टात लटकेल आणि नात्याने जमीन ब्रेंटकडे जाईल. म्हणजे होड्या.

तेव्हा सप्टेंबरच्या सामन्यात मी रीत मोडली. बंदुका रिकाम्या करायच्या टेबलाशी ती उभी होती, तोंड काजळीने काळं. मी हॅट काढून विचारलं.

‘सेडी, तुझं खरं नाव काय गं?’

‘का? समन्स धाडतोस?’

‘मृत्युपत्रात घालायचंय. ही जमीन तुझ्या नावावर करतोय.’

तिने रायफल खाली ठेवली. ‘कधी मरतोयस?’

‘मरत नाही गं. झडप बदलायचीय नुसती.’

‘मग बदल आणि ये. तुझं मरण माझ्या नावावर करू नकोस. नाव नाही सांगायची जा!’

आणि ती निघून गेली, स्वतःच्या पुंगळ्या न वेचता. आमच्यात माणूस बायकोशी भांडतो, देवाशी भांडतो, पण पुंगळ्या वेचल्याशिवाय मैदान सोडत नाही. सगळे हातातलं काम थांबवून बघत राहिले. मी गुडघे टेकून तिच्या पुंगळ्या वेचल्या आणि डुलकी शेजारी उभा राहून म्हणाला, ‘डॉक, तू तिला लग्नाचं विचारलंस की काय?’

‘नाव विचारलं.’

‘अरे देवा,’ तो म्हणाला, ‘त्यापेक्षा लग्नाचं विचारायचंस.’

त्या दिवसापासून हे मृत्युपत्र अर्धवट पडून आहे. ऑक्टोबरच्या सामन्यात ती आली, पण माझ्या तुकडीत नव्हती. मला ती आवडते. हे कलमात बसत नाही, पण खरं आहे, आणि नकार आला तर सामनेच बंद होतील या भीतीने मी ते कधी बोललो नाही.

कलम सहावे, पुढे चालू. आज सकाळी ती माझ्या दारात आली. पूर्ण वेश, घेरदार झगा, पिसाची हॅट, कमरेची म्यानं तेवढी रिकामी.

‘डॉक, गाडी काढ. कोर्टात जायचंय.’

‘काय केलंस?’

‘काढ म्हटलं ना!’

कोर्टाच्या दारातल्या शिपायाने तिच्या टाचेचे काटे काढून एका ट्रेमध्ये ठेवले. आम्ही मागच्या बाकावर बसलो. कारकुनाने कोणा बाईच्या नावाचा पुकारा केला. कोणी उठलं नाही. त्याने पुन्हा पुकारलं. मीही इकडेतिकडे बघितलं, कोण बिचारी आहे म्हणून. तेव्हा सेडी सुस्कारा टाकून उठली.

न्यायाधीश बाई वयस्कर होत्या. त्यांनी अर्ज वाचला, हॅटवरच्या पिसाकडे पाहिलं, पुन्हा अर्ज वाचला.

‘आपल्याला नाव बदलून ‘गंधक सेडी’ असं करून हवंय. यात गंधक हे पहिलं नाव?’

‘हो.’

‘आणि सेडी आडनाव.’

‘हो. कोणी घेतलेलं नाही, मी चौकशी केलीय.’

‘कर्ज बुडवायला, गुन्हा लपवायला, कोणाला फसवायला?’

‘नाही बाईसाहेब.’

‘मग कशासाठी?’

सेडीने हॅट काढली. ‘आधीचं नाव आजीला खूश करायला आईने ठेवलं. त्यापुढे नवऱ्याचं आडनाव लागलं. नवरा गेला, आडनाव राहिलं. त्या नावाने बिलं येतात आणि दवाखान्यात ते चुकीचं पुकारतात. त्या नावाने मला आजवर कोणी जेवायला हाक मारलेली नाही. आणि मध्यंतरी या माणसाने,’ तिने न वळता अंगठ्याने मागे माझ्याकडे दाखवलं, ‘मला एवढ्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं, तुझं खरं नाव काय. त्याला काहीतरी उत्तर द्यायला हवं ना? ज्या बाईला तो ओळखतसुद्धा नाही, तिला त्याने जमीन का द्यावी? मी त्याला माझं नाव सांगायला आलेय.’

न्यायाधीश बाईंनी माझ्याकडे पाहिलं. ‘आपण कोण?’

‘डॉक बहुतेक,’ मी उभा राहून म्हणालो. मग भानावर येऊन दुसरंही सांगितलं. दुसरं ऐकताना त्या लिहीत नव्हत्या.

शिक्का बसला. पुकारलेलं ते जुनं नाव मी ऐकलं आहे. ते इथे लिहिणार नाही आणि कोणाला सांगणारही नाही.

बाहेर पायऱ्यांवर मी म्हणालो, ‘सेडी, मला तू आवडतेस.’

‘ठाऊक आहे,’ ती काटे परत टाचेला बांधत म्हणाली. ‘बाप्या चाळीस एकर लिहून देतो आणि इतक्या वर्षांत एकदा जेवायला चल म्हणत नाही, म्हणजे दुसरं काय असणार?’

आम्ही जेवायला गेलो. म्हणून या कागदावर मिरचीच्या रश्शाचा डाग आहे. त्याला खाडाखोड समजू नये. सबब वर सोडलेल्या जागी ‘गंधक सेडी’ असं वाचावं. गावाबाहेरची चाळीस एकर, टेकूंसकट, तिची.

कलम सातवे. साक्षीदारांनी कायद्याचं नाव लिहावं, असा वकीलबाईंचा आग्रह पडला; त्याने डुलकीचं कलम तिसरेही पक्कं होईल, असं त्या म्हणाल्या. डुलकीने टेबलाभोवती दोन फेऱ्या मारल्या, पाणी मागितलं, आणि एका हाताने कागद झाकून सही केली. हात बाजूला झाल्यावर आम्ही सर्वांनी ते नाव वाचलं. कोणीही हसलं नाही. मैत्री म्हणजे काय, असा प्रश्न पुढेमागे कोर्टात निघालाच, तर ही नोंद दाखवावी.

कलम आठवे आणि शेवटचे. सोमवारी सर्जनचा नेम चुकला तर वरील सर्व अंमलात आणावे. चुकला नाही, तर ब्रेंटने आणि इतरांनी एवढं ध्यानात घ्यावं की मला हे मृत्युपत्र पुन्हा नव्याने लिहावं लागेल, कारण कोर्टातून निघताना मीही खिडकीवरून एक अर्ज उचलला आहे. तो भरायला सोमवारच्या आत वेळ नाही, म्हणून आज नाइलाजाने जुन्या नावाने सही करतो. ऑर्विल डीन विटकॉम्ब याची ही शेवटची सही समजावी, मी मेलो तरी आणि जगलो तरी.

(सही) ऑर्विल डीन विटकॉम्ब

साक्षीदार: आमच्या समक्ष, पूर्ण शुद्धीत, सही केली.

१. (सही) पर्सिव्हल ॲम्ब्रोझ लिलीव्हाइट, तिसरे

२. (सही) डेल्फीन अर्विझू, वकील

स्थळ: सॅन टोमास वेल्स, ॲरिझोना
दिनांक: १४ नोव्हेंबर २०१९