कट्ट्यावर भरलेला चुडा

आई, तुला जाऊन साठ वर्षं झाली आणि मी नव्वदी ओलांडली. म्हणजे वयानं आता मीच तुझ्यापेक्षा मोठी, तेव्हा जरा ऐकून घे.

माझ्या लग्नाचा चुडा भरला तो दिवस मला लख्ख आठवतो. इंग्रज अजून होता. मशिदीपुढून वाजत गेलेल्या मिरवणुकीवरून दगडफेक झाली होती आणि बेळगावच्या शहापुरातल्या आपल्या गल्लीनं ठरवलं होतं, की बायकांनी मुसलमानाच्या हातून बांगड्या भरायच्या नाहीत. आपल्याकडे तर पिढ्यान्‌पिढ्या एकाच मुसलमान मणेराच्या घरातले लोक बांगड्या भरायला यायचे. आप्पा घाबरले होते. आपल्या मागाला सूत देणारा व्यापारीच या ठरावात पुढे होता. बोलवायचंच असेल तर मागल्या दारानं बोलव आणि माजघरात उरकून घे, असं त्यांचं म्हणणं. त्यांचं चुकलं असं मला आजही म्हणवत नाही.

तू मात्र चांगलं उजाडल्यावर, गल्ली पाण्याला निघालेली असताना, पुढच्या कट्ट्यावर घोंगडं अंथरलंस. समोर तो व्यापारी आणि आणखी चौघं येऊन उभे. बांगड्यांचं ओझं घेऊन आलेले मणेरचाचाच चाचरत म्हणाले, "आक्का, आत बसूया."

"चोरी करतोय व्हय आपण?" तू म्हणालीस. "माझ्या हातात तुमच्या बानं हितंच बसून भरल्या. हिच्या हातात तुमीच भरायच्या."

भीतीनं माझी मूठ आवळलेली, बांगडी चढेना. मूठ सैल सोड बेटी, असं चाचा सांगत होते. चुडा भरून झाल्यावर भरणाऱ्याच्या पाया पडायची आपली रीत. तेवढं तरी टळेल असं त्या पाच जणांना वाटलं असेल. तू माझ्या मानेवर हात ठेवून मला वाकवलंस.

सूत बंद झालं. दीड महिना माग थांबला आणि तू दुसऱ्यांच्या मागांसाठी सुताच्या कांड्या भरून घर चालवलंस. त्याबद्दल तू कधी चकार शब्द काढला नाहीस. ते काम मी करते. निपाणीला सासरी ही गोष्ट मी इतक्यांदा सांगितली आहे, की नातवंडं पुढचं वाक्य माझ्याआधी म्हणतात.

गेल्या महिन्यात पणतीचा चुडा होता. कुणाकडून काय घ्यायचं नाही याचे निरोप हल्ली फोनवर फिरतात. नातसून कुजबुजली, दुसरं कुणी बघूया का? मी सगळ्यांदेखत ठणकावलं, की चुडा चाचांचा नातूच भरणार. तो बेळगावाहून आला, त्यानं चुडा भरला, पणती त्याच्या पाया पडली. सगळ्यांनी माझं कौतुक केलं आणि मी ते करून घेतलं.

हे पत्र कुठल्या पेटीत पडणार नाही, म्हणून लिहिते. तो आत आल्यावर पुढचं दार मीच लोटलं होतं, आई. मला कुणी सांगितलं नव्हतं. पुन्हा दार उघडून त्यानं बाहेर काढलेल्या आपल्या चपला तेवढ्या आत घेतल्या.