ओठांपुरता प्याला

२८ जुलै १९७१, वाडी
पोहोचलो एकदाचा! अमरावती रोडवरच्या गोदामांमागे आपलं छोटं कौलारू चर्च, शेजारी पाळकाची खोली, आवारात विहीर. ट्रकांचे हॉर्न माझ्या प्रवचनाला साथ करणार म्हणायचे! मंडळीतले वडीलधारे मनोहरराव यांनी माझी ट्रंक हट्टानं स्वतः उचलली. त्यांची सून जयवंता हिनं भाकरी-पिठलं वाढलं, नको म्हणेपर्यंत. पहिल्याच नेमणुकीत एवढी माया! मी फार खूश आहे.

३० जुलै
वस्तीत कॉलरा निघालाय. दवाखान्यातल्या नर्स शामलाबाई येऊन गेल्या. विहिरीचं पाणी उकळून प्या, लस टोचायला चर्च द्या आणि रविवारचं प्रभुभोजन थांबवा, असं म्हणाल्या. इथं त्याच विहिरीच्या पाण्यात मनुका भिजवून द्राक्षरस करतात आणि सगळे एकाच प्याल्यातून पितात. मी मनोहररावांकडे विषय काढला, तर त्यांचा चेहराच पडला. म्हणाले, "गावात लोक आमाले वरून ओंजळीत पानी टाकत. या एका प्याल्यानं आमाले मानूस केलं, पाळकसाहेब. तो काहून बंद करता?" मी विषय तिथंच सोडला. आल्या आल्या वाईटपणा कोण घेणार? लसीचं पुढच्या आठवड्यात बघू म्हटलं. पाणी उकळायचं सांगायचंही राहून गेलं.

१ ऑगस्ट, रविवार
प्रभुभोजन झालं. लोक बिचकत होते. मी प्याला तोंडाला लावला, तेव्हा कुठं पुढं आले. जयवंता हसून शेजारणीला म्हणाली, की पाळकसाहेब पिले, आता कशाले भ्यायचं वं?
मी प्यालो नव्हतो. ओठ घट्ट मिटून नुसता प्याला तिरका केला. देवा, मला भीती वाटली.

३ ऑगस्ट
जयवंता गेली. चर्चची झाडलोट करणारा केशवही गेला. बाक भिंतीला लावून आता तिथंच रोग्यांच्या खाटा टाकल्यात. मी उकळलेलं पाणी पाजत फिरतो. हे चार दिवस आधी केलं असतं तर! मनोहररावांनाही उलट्या सुरू झाल्या. माझा हात धरून म्हणाले, की तुम्ही आमच्यासंगं पिले, हे विसरनार नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

५ ऑगस्ट
भर दुपारी जयवंता वेदीपाशी गुडघे टेकून बसली होती. तिच्यावर माती मीच लोटलीय. हातात तो प्याला — मी कपाटात कुलूप घालून ठेवलेला. शामलाबाई तिच्या अंगावरून — अंगातून — चालत गेल्या. त्यांना काहीच दिसलं नाही.

६ ऑगस्ट
सकाळी मनोहररावांना पुरलं. दुपारी ते जयवंताच्या मागे रांगेत. त्यांच्या मागे केशव. प्याला काठोकाठ. सगळे माझ्याकडेच बघतात —

८ ऑगस्ट, रविवार
दाराला कडी घातली. तरी आत आलेत. कुणीच रागावलेलं नाही — तेच सोसवत नाही. मनोहरराव प्याला धरून — "तुमचंच राह्यलं न, पाळकसाहेब. घ्या."
सांगितलं त्यांना. प्यालो नव्हतो, तुम्हाला फसवलं — ते नुसती मान हलवतात. त्यांना माहीत होतं —
जयवंता हनुवटीला हात लावतेय. मायेनं. किती गार — मी ओठ मिटलेत — मिटलेत — बोटं आत —
गोड आहे. मनुकांचं —